८५ रुपयांच्या भुवया

मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. भुवया कोरायचा तो छोटा प्लास्टिकचा रेझर मिळतो ना, तो चांगला आहे. घ्यावा. सत्तरी उलटलेल्या बायकांनी तर जरूर घ्यावा. आणि 'आता कशाला?' असं कोणी विचारलंच, तर उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नये. (मी पडणार आहे. चौतीस वर्षं वर्गात मुलांच्या 'कशाला'ला उत्तरं दिली, ती खोड आता जायची नाही.)

तर आधी वस्तूविषयी. पेनाएवढी दांडी, तिच्या टोकाला बोटाच्या दोन पेरांएवढं पातं, आणि पात्यावर बारीक दात्यांचं कवच, म्हणजे धार थेट कातडीला भिडत नाही. वरून टोपण. तीन नगांचं पाकीट ८५ रुपयांना. आमच्या नाक्यावरच्या जनरल स्टोअरमध्ये रिबिनी, पिना आणि टिकल्यांच्या शेजारी टांगलेलं असतं. दुकानदाराने विचारलं, "काकू, सुनेसाठी ना?" म्हटलं, "नाही, माझ्यासाठी." तो इतका गडबडला की पाच रुपये जास्तच परत दिले. (मी लगेच त्याच्या हातावर ठेवले, काळजी नसावी.)

इतकी वर्षं मी पार्लरमध्येच जात होते. पार्लर चालवणारी माझीच जुनी विद्यार्थिनी. सातवीत तिला शुद्धलेखन काही केल्या जमायचं नाही, पण दोऱ्यावरची तिची हुकमत बघत राहावी अशी. दोऱ्याचं एक टोक दातांत, बाकीचा दोन हातांच्या बोटांत, मधे पीळ. तो पीळ पुढे-मागे सरकतो आणि हवा तेवढाच केस मुळासकट उपटून येतो. "बाई, दुखतंय का?" असं विचारायची. दुखायचंच. पण ज्या मुलीला आपण दोनशे वेळा 'ऱ्हस्व-दीर्घ बघ गं' म्हटलंय, तिच्यासमोर कळवळायचं कसं? गप्प बसायचे.

मग दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे गुडघे. पार्लर पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्ट नाही. दुसरी गोष्ट कातडीची. वय झालं की डोळ्यांवरची कातडी सैल पडते, दोरा फिरवताना ती दोन्ही हातांनी ताणून धरावी लागते, आणि मान मागे टाकून हात वर धरून पाच मिनिटं बसणं हे मानेचा पट्टा लावणाऱ्या बाईचं काम नव्हे. जाणं हळूहळू कमी झालं. आधी महिन्याने, मग तीन महिन्यांनी, मग कोणाचं लग्न असेल तेव्हाच.

आणि मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं!

ज्यांचं झालंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. पट्टी निघाली तेव्हा आधी आकाश निळं दिसलं, त्याचं कौतुक झालं. मग न्हाणीघरातला आरसा दिसला. इतकी वर्षं धुक्यातून बघितलेला चेहरा एकदम उन्हात आला. सुरकुत्यांचं काही वाटलं नाही, त्या असणारच. पण भुवया! मधले पाच-सहा केस पांढरे, ताठ आणि भलत्याच दिशेला निघालेले. बाहेरची टोकं मात्र विरळ, जवळजवळ पुसलेली. खाली पापणीपर्यंत लव.

भुवई ही माझ्या धंद्यातली वस्तू होती, हे इथे सांगायला हवं. मी वर्गात कधी फारसा आवाज चढवला नाही. डावी भुवई चढवली की काम व्हायचं. मागच्या बाकावरची कुजबुज तिथल्या तिथे थांबायची. मराठीत उगाच नाही 'भुवया उंचावल्या' असं आपण म्हणत. रागावली की भ्रुकुटी, आश्चर्य वाटलं की भुवया कपाळात, आणि नुसतीच एक हलली तर तिचा अर्थ ज्याला कळायचा त्याला बरोबर कळतो. चेहऱ्यावर इतकं बोलणारी जागा दुसरी नाही. आरशासमोर उभी राहून मी डावी भुवई चढवून पाहिली, तर चढलेली दिसेचना. म्हटलं, हे चालणार नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून, ड्रॉप्स संपल्यावर आणि त्यांनी 'आता काही पथ्य नाही' म्हटल्यावरच मी हे सगळं सुरू केलं, हे आवर्जून लिहिते. ऑपरेशन होऊन आठवडा झालाय आणि डोळ्याशेजारी पातं फिरवतोय, असलं कोणी करू नये.

आता खरी गंमत. नवीन भिंग बसल्यावर लांबचं स्वच्छ दिसतं, पण जवळच्यासाठी चष्मा लागतो. आणि चष्मा लावला की भुवया झाकतात! चष्मा काढावा तर भुवई दिसत नाही, लावावा तर भुवई सापडत नाही. नाकावर घसरवून पाहिला, तर तो रेझरच्या आड येतो. शेवटी उपाय सापडला तो मोठं दाखवणाऱ्या आरशाचा. शाळेत विज्ञानाच्या बाई अंतर्गोल आरसा शिकवायच्या, त्यांच्या तासाला मी शेजारच्या वर्गातून ऐकायचे: वस्तू आरशाच्या जवळ असेल तर प्रतिमा मोठी, सुलट आणि आरशाच्या मागे, वस्तूपेक्षा लांब पडते. ते 'लांब' माझ्या उपयोगी पडलं! चेहरा आरशाजवळ, पण प्रतिमा आरशाच्या पलीकडे दूर, आणि दूरचं तर मला बिनचष्म्याचं दिसतं. हा आरसा २५० रुपयांना पडला, म्हणजे रेझरच्या तिप्पट. पण त्याच्याशिवाय आमच्या वयाला रेझरचा उपयोग नाही.

करायची रीत साधी आहे. चेहरा धुवून कोरडा करायचा. सकाळी खिडकीच्या उजेडात बसायचं, ट्यूबलाईटखाली नको, सावल्या पडतात. जुना मऊ टूथब्रश घेऊन (अर्थात धुतलेला) भुवया वरच्या बाजूला विंचरायच्या, म्हणजे कोण शिस्तीत आहे आणि कोण रांगेबाहेर, ते कळतं. लांब गेलेले केस रेझरने नाही, छोट्या कात्रीने टोकाशी कापायचे. मग एका हाताने कातडी ताणायची आणि दुसऱ्या हाताने रेझर तिरपा धरून, केसांच्या दिशेने, अगदी लहान लहान ओढ घ्यायची. फक्त भुवईच्या खाली आणि दोन भुवयांच्या मधे. वरच्या रेषेला हात लावायचा नाही. पापणीवर तर नाहीच नाही. दोन-तीन ओढी झाल्या की रेझर खाली ठेवून आरसा लांब धरून बघायचं. ह्या थांबून बघण्यातच सगळं आहे. जो केस काढला तो परत बसवता येत नाही, आणि भुवई पूर्ण गेली तर नीट भरून यायला काही महिने लागतात.

मला पहिल्या वेळी वीस मिनिटं लागली. आता सात-आठ लागतात. दुखत अजिबात नाही. दोऱ्यासारखं काम मात्र होत नाही, हेही सांगते. दोरा केस मुळापासून काढतो, रेझर कातडीपाशी कापतो, त्यामुळे आठ-दहा दिवसांत पुन्हा ठिपके दिसतात. ज्यांना धनुष्यासारखी कोरीव कमान हवी त्यांनी जिना चढावा. मला कमान नको होती, व्यवस्थितपणा हवा होता.

"रेझर लावलास तर केस दाट येतील" असं मला चार जणींनी सांगितलं. चौघींनीही पूर्ण खात्रीने. हे खरं नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या एका अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ बाईंनी १९२८ साली दाढी करण्याने केसांवर काय होतं ते मोजून पाहिलं. केस जाडही होत नाही आणि भराभरही वाढत नाही. (ह्याच बाईंनी पुढे हाडांच्या लांबीवरून माणसाची उंची काढायची सूत्रं बसवली. महायुद्धात मेलेल्या सैनिकांची ओळख पटवण्याच्या कामातून ती आली. मोजायची हौस असावी तर अशी.) होतं काय, की नैसर्गिक केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट. ते बोटाला खरखरीत लागतं, डोळ्याला काळं दिसतं, म्हणून दाट वाटतं. उलट वर्षानुवर्षं उपटत राहिलं तर काही केस कायमचे येईनासे होतात. माझ्या पिढीतल्या किती जणींच्या भुवया पेन्सिलीच्या रेघेएवढ्या उरल्यात, आजूबाजूला बघा.

पथ्यं मात्र आहेत आणि ती महत्त्वाची. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, बारीकसा कापही लवकर थांबत नाही. मधुमेह असेल तर जपून. पुळी, जखम, खरूज असेल तिथे फिरवायचा नाही. आणि रेझर एकाचा एकालाच. आईचा मुलीने, बहिणीचा बहिणीने, असं घरोब्याचं वागणं इथे नको. हेपेटायटिस बीसारखे आजार रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातूनही जातात. वापरून झाला की पुसून कोरडा करून टोपण लावायचं, आणि धार खेचायला लागली की फेकून द्यायचा, ८५ रुपयांत तीन येतात तर लोभ कशाला. शिवाय भुवयांची बाहेरची टोकं एकदम विरळ व्हायला लागली असतील तर रेझरपेक्षा आधी थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. तेही एक कारण असतं. मी करून घेतली, नॉर्मल आली, म्हणजे माझं आपलं वयच.

इथवर वस्तूविषयी झालं. आता त्या 'आता कशाला?' विषयी.

भुवया केल्यावर दोन दिवसांनी धाकट्या जावेचा व्हिडिओ कॉल आला. (ती हे वाचणार आहे. तिला विचारूनच लिहितेय.) फोनवर चेहरा दिसल्या दिसल्या म्हणाली, "अय्या वहिनी, भुवया केल्यात?" म्हटलं, "हो, घरीच." म्हणाली, "छान दिसतायत. पण आता..."

आणि मग तिने गॅसवर दूध ठेवल्याची आठवण काढली.

मी विरामचिन्हं शिकवलेली बाई आहे. वाक्य अपुरं सोडायचं असेल तर टिंबं द्यावीत, हे मीच फळ्यावर लिहायचे. त्या टिंबांत काय होतं ते आम्हा दोघींनाही कळलं होतं. हे जाऊन आता चार वर्षं झाली. 'आता' म्हणजे त्यानंतरचा काळ. पण आता कोणासाठी? पण आता लोक काय म्हणतील? तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिच्या तोंडून ते तिच्या आईने म्हटलं, तिच्या आईच्या तोंडून तिच्या आजीने म्हटलेलं होतं. अशी वाक्यं कोणा एकाची नसतातच.

'कोणासाठी' हा प्रश्न मला विनोदी वाटतो, कारण हे होते तेव्हाही त्यांना माझ्या भुवया केलेल्या कधी कळल्या नाहीत. एकदाही नाही! पार्लरमधून लालबुंद कपाळ घेऊन आले तर विचारायचे, "ऊन लागलं का?" नवऱ्यासाठीच करायच्या असत्या तर मी चाळीस वर्षांपूर्वीच सोडून दिल्या असत्या.

आणि त्यांचं? दर महिन्याला सलूनमध्ये केस कापायला जायचे तेव्हा सलूनवाला कात्री फिरवता फिरवता भुवयांवरूनही फिरवायचा. कानावरचे केस, नाकातले केस, भुवया, सगळं त्याच पैशात. बायको गेलेले आमच्या सोसायटीतले दोन-तीन जण केसांना कलप लावतात, सकाळी दाढी करून फिरायला निघतात. कोणी त्यांना 'पण आता...' म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. उलट म्हणतात, "स्वतःला छान सांभाळलंय हो!" मलाही तेच वाटतं. सांभाळलंय खरंच. तेच वाक्य मला का मिळू नये, एवढंच माझं म्हणणं.

वस्तरा आणि विधवा हे शब्द आपल्याकडे जवळ आले की ज्यांचं वय माझ्याएवढं आहे त्यांच्या अंगावर काटा येतो. माझ्या वडिलांची आत्या, आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो, ती आमच्या गावच्या घरी होती. सोवळी. तेराव्या-चौदाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून आलवण. दर पंधरवड्याला मागच्या दारी, गोठ्याच्या आडोशाला, तिचं डोकं भादरायला एक म्हातारे गृहस्थ यायचे. आम्हा मुलांना तेव्हा तिकडे जायची परवानगी नव्हती. मी आठ-नऊ वर्षांची असेन, म्हणजे १९६० च्या आसपासची गोष्ट. तोवर ही चाल जवळजवळ गेलीच होती, पण जिचं आयुष्य तिच्यात गेलं तिने म्हातारपणी केस वाढवायचे तरी कसे!

ही चाल मुख्यतः आमच्यासारख्या ब्राह्मण घरांतली. आणि ती मोडायला ज्यांच्या हातात वस्तरा होता ती माणसंही पुढे झाली होती, हे आम्हाला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळींनी सभा भरवली आणि विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही असं ठरवलं. स्वतःचा धंदा बुडवून! हे मी वाचलं ते निवृत्तीनंतर, आणि वाचून पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

पण मला सांगायचंय ते आत्याआजीच्या भुवयांविषयी. डोकं गुळगुळीत, पदर कपाळापर्यंत ओढलेला. केस म्हणून चेहऱ्यावर काय ते दोन भुवया. पांढऱ्या, दाट, आणि कमालीच्या नीटस. आंघोळ आणि पूजा आटोपली की ती परसात उभी राहायची, तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवायची आणि आधी उजवी, मग डावी, आतून बाहेर अशी एकेक भुवई बसवायची. तिच्या खोलीत आरसा नव्हता. बोटानेच अंदाज घ्यायची. एखादा केस फार लांबला तर अडकित्त्याने कातरताना मी तिला पाहिलंय. मी बघतेय असं दिसलं की म्हणायची, "डोळ्यांत जातात गं." साठ वर्षं जिच्या डोक्यावर दुसऱ्यांच्या मर्जीने वस्तरा फिरला, तिने आपल्या ताब्यात राहिलेली ती दोन बोटांची जागा नीट ठेवली होती.

'डोळ्यांत जातात' हे कारण तिला द्यावं लागलं. मला ते द्यायचं नाही. माझे डोळ्यांत जात नाहीत. मला त्या नीट असलेल्या आवडतात, बस.

केस काढून शोक पाळणं ही काही आपलीच गोष्ट नाही. घरातलं मांजर मेलं तर प्राचीन इजिप्तमधली माणसं भुवया काढून टाकायची, असं हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय. पण त्यात मला आवडलं ते हे की घरातली सगळी माणसं काढायची, नुसत्या बायका नव्हेत. आणि मांजराचा शोक किती दिवस, तर मला वाटतं, भुवया परत येईपर्यंत. त्याला मुदत होती. आपल्याकडच्या 'पण आता'ला मुदत नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, हे गावात होऊ द्यायचं नाही असा. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. बातमी वाचून मला फार बरं वाटलं होतं. ह्यांच्या वेळी आमच्याकडे बांगड्या-बिंगड्या काही झालं नाही, मुलगा ठाम होता. शहरात राहतो, शिकलेली माणसं आहोत, असं आम्ही समजतो. पण ठराव यादीतल्या गोष्टींवर होतो. भुवया कुठल्याच यादीत नाहीत. लिपस्टिक नाही, गुलाबी साडी नाही, गजरा असेल-नसेल. त्या गोष्टींवर नियम कोणी घालत नाही, म्हणून कोणी उठवतही नाही. तिथे नुसत्या टिंबांवर भागतं. आणि टिंबांविरुद्ध ठराव कसा करणार? त्याला ज्याने त्याने आपापल्या न्हाणीघरातच काय ते करावं लागतं.

ह्यावर एक आक्षेप येईल, तो मीच घेते. साधी राहणी शिकवणारी बाई म्हातारपणी हे कुठलं नटणं काढून बसली? तर साधी राहणी म्हणजे गबाळी राहणी, असं मी कधीच शिकवलं नाही. वही कव्हर घातलेली हवी, समास सोडलेला हवा, अक्षर सुवाच्य हवं. समास सोडण्याने निबंधाचा मजकूर बदलत नाही, पण वाचणाऱ्याचा आणि लिहिणाऱ्याचा दोघांचा मान राहतो. भुवईखालची कोरी जागा तशीच. आणि ज्यांना नको वाटतं त्यांनी खुशाल करू नये. फ्रिदा काहलोने स्वतःची इतकी चित्रं काढली आणि आपल्या जुळलेल्या भुवया प्रत्येक वेळी ठसठशीत रंगवल्या. तिचा चेहरा, तिची मर्जी. माझं भांडण करण्याशी किंवा न करण्याशी नाही, दुसऱ्याने ठरवण्याशी आहे.

हे सगळं मी घरात मोठ्या तोंडाने बोलून दाखवलं, आणि तेरा वर्षांच्या नातीने मला बरोबर पकडलं. "आजी, मग मलाही एक दे ना. माझा चेहरा, माझी मर्जी."

मी दिला नाही. तुम्ही म्हणाल, हे काय, स्वतःला एक न्याय आणि पोरीला दुसरा! मी तिला विचारलं, "तुला तुझ्या भुवया आवडत नाहीत का?" म्हणाली, "मला ठीक वाटतात. पण वर्गातल्या मुली म्हणतात मधे जुळल्यात." म्हटलं, मग अजून तुझी मर्जी आलेलीच नाही, ती वर्गातल्या मुलींची आहे. जपानमध्ये एके काळी थोरामोठ्यांच्या घरच्या बायका सगळ्या भुवया काढून टाकून कपाळावर उंच दोन ठिपके रंगवायच्या, १८७० साली सरकारने खानदानी लोकांना बंदी केली तेव्हा कुठे ते मागे पडलं. १९३० च्या सुमाराला हॉलिवूडच्या नट्यांनी रेघेएवढ्या केल्या, १९८० च्या सुमाराला पुन्हा दाट आल्या, मग पुन्हा बारीक, आणि ज्या जाड भुवयांसाठी ही पोरगी रडतेय त्याच आता विकतच्या पेन्सिलीने रंगवतात! तिच्या आईने आणि तिने मिळून ठरवलंय की दहावीनंतर बघू. तोवर तिला हे पटलं नाही तर नाही. नातीने सगळं पटवून घ्यावं अशी माझी अपेक्षाही नाही. डावी भुवई चढवायला मात्र मी तिला शिकवलंय, आणि ती माझ्यापेक्षा सुरेख चढवते.

पार्लरवालीचं राहिलं. तिच्या पोटावर पाय येतो का, हा विचार माझ्या मनात आलाच. तिलाच फोन केला. हसून म्हणाली, "बाई, तुमच्या वयाच्या गिऱ्हाइकांना आता मीच घरी जाऊन करते, तुम्ही बोललाच नाहीत!" घरी येण्याचे ती १५० रुपये घेते. लग्नकार्याला तिलाच बोलवायचं ठरवलंय, एरवी रेझर. चार महिन्यांत दोन वापरून झाले.

पाकिटातला तिसरा अजून टोपणात आहे. धाकटी जाऊ पुढच्या आठवड्यात राहायला येणार आहे, काल तिचा फोन होता. गुडघ्याचं तेल, मेतकूट, काय काय आणू ते विचारून झालं, आणि मग म्हणाली, "वहिनी, तो तुमचा नाक्यावरचा दुकानदार संध्याकाळी किती वाजेपर्यंत असतो हो?"

नऊपर्यंत असतो. मंगळवारी बंद.